चार मिलिलिटर

फोन साधारण साडेनऊला येतो. वरच्या मजल्यावर डॉक्टरांनी रुग्णाच्या कातडीवरच्या गाठी पट्टीने मोजलेल्या असतात आणि नर्स मला एक आकडा सांगते. चार मिलिलिटर. अडीच. कधी नुसता अर्धा. तो आकडा कळल्याशिवाय मी फ्रीजर उघडत नाही, कारण आतली कुपी एकदा वितळली की पुन्हा गोठवता येत नाही.

अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या फार्मसीत मी काम करते. उणे ऐंशी अंशांच्या आसपास जपलेल्या त्या कुप्यांत जिवंत विषाणू असतात. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला बारीक फोड उठतात ना, ते उठवणारा हर्पिस, पण प्रयोगशाळेत बदललेला. मेलानोमा, म्हणजे कातडीच्या रंगपेशींचा कर्करोग, शस्त्रक्रियेनंतर उलटला आणि गाठी कापून काढण्याजोग्या राहिल्या नाहीत, तर हा विषाणू थेट गाठींत टोचतात. औषधाचं सुटसुटीत नाव टी-वेक. अमेरिकेत त्याला ऑक्टोबर २०१५मध्ये मान्यता मिळाली.

कुपी खोक्यातच ठेवून टेबलावर वितळू द्यायची. अर्धा तास लागतो. घाई म्हणून गरम पाण्यात धरायची नाही. पहिल्या खेपेची कुपी हिरव्या झाकणाची, तिच्या एका मिलिलिटरात दहा लाख विषाणू. शरीराला विषाणूची आधी ओळख व्हावी, म्हणून सुरुवात अशी बेताची. तीन आठवड्यांनी निळ्या झाकणाची, शंभरपट तीव्र. मग दर दोन आठवड्यांनी निळीच. निळीतलं द्रव धुरकट असतं आणि त्यात पांढरे कण दिसू शकतात. शिरेतून द्यायच्या औषधात असे कण दिसले असते तर मी बाटली तिथल्या तिथे बाद केली असती. इथे त्या कणांतही विषाणूच असतो. कुपी जोरात हलवायची नाही, हलकेच गोल फिरवायची. हे हाताला शिकवायला मला बरेच दिवस लागले.

या विषाणूतून काय काढून टाकलंय, ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. निरोगी पेशीत विषाणू शिरला की पेशी प्रथिनं बनवणं थांबवते. आपलीच चूल विझवते, म्हणजे घुसखोराचीही भाकरी भाजली जात नाही. मूळ हर्पिसकडे ती चूल पेटती ठेवणारं जनुक असतं. टी-वेकमधून नेमकं तेच कापलं आहे. कर्करोगाच्या पेशींत बऱ्याचदा चूल विझवण्याची सोयच बिघडलेली असते. तिथे हा दुबळा विषाणूही फोफावतो, पेशी फोडतो आणि शेजारच्या पेशीत शिरतो. बाधित पेशीला प्रतिकारशक्तीच्या नजरेआड ठेवणारं आणखी एक जनुकही काढलं आहे. आणि रिकाम्या जागी माणसाचं एक जनुक बसवलंय, ज्याच्यापासून जीएम-सीएसएफ नावाचं प्रथिन बनतं. ते प्रतिकारशक्तीच्या पेशींना गाठीपाशी बोलावतं. फुटलेल्या पेशींचे तुकडे त्यांच्या हाती लागले, की कधीकधी सुई न टोचलेली लांबची गाठही आक्रसते.

कधीकधीच. ४३६ रुग्णांच्या चाचणीत, गाठी निम्म्याहून कमी होऊन तशाच सहा महिने तरी राहिल्या, असे टी-वेक दिलेल्या गटात १६.३ टक्के होते. नुसतं जीएम-सीएसएफ दिलेल्या गटात २.१ टक्के. पुढे पेम्ब्रोलिझुमॅब या दुसऱ्या औषधाच्या जोडीला हे देऊन पाहिलं, तेव्हा मोठ्या चाचणीत अपेक्षित फायदा दिसला नाही. सोळा टक्के ऐकून नातेवाइकांचे चेहरे उतरतात, तरी तो आकडा त्यांना आधीच सांगावा, असं माझं ठाम मत आहे.

एकदा मी सिरिंज घेऊन वर गेले, ती खोलीतच थांबले. एका आजोबांच्या पोटरीवर जांभळ्या-काळ्या गाठींची रांग होती. डॉक्टरांनी गाठीत सुई एकाच ठिकाणी खुपसली आणि पुरती बाहेर न काढता पंख्याच्या काड्यांसारखी दिशा बदलत औषध सोडलं. मग हवाबंद पट्टी. नर्सने हातमोजे आणि पिशव्या दिल्या: पट्टी आठवडाभर तरी ठेवायची, बदलली की जुनी पिशवीत बंद करून टाकायची, गाठी खाजवायच्या नाहीत, थंडी वाजून ताप येईल. आजोबांनी एवढंच विचारलं, "नातीला मांडीवर घेऊ का?" पाय झाकलेला असेल तर घ्या, नर्स म्हणाली.

विषाणू जिवंत, म्हणून गरोदरपणी मीही या कुप्यांपासून लांब होते. त्या महिन्यांत हे काम सहकाऱ्याने केलं, आणि मी त्याला रोज संध्याकाळी विचारायची, "आज किती?" कारण रुग्ण मला कळतो तो मिलिलिटरांतून. चारवरून दोन, दोनवरून अर्धा, की मी मनातल्या मनात त्यांच्याबरोबर चार पावलं चालते. मात्र सुरुवातीला गाठी वाढू शकतात, नव्याही उठू शकतात, म्हणून पहिल्या काही खेपांत आकड्यावर विश्वास ठेवत नाही.

मागच्या वर्षी एकाच आठवड्यात दोन मागण्या रद्द झाल्या. पडद्यावर दोन्हींपुढे एकच शब्द. मी वर फोन केला. एकाच्या पायावर टोचायला गाठच उरली नव्हती. दुसऱ्याचा आजार यकृतात पोचला होता. आजोबा यांतले कोण, ते विचारायला मला थोडा वेळ लागला. त्यांच्या पायावर गाठ उरली नव्हती.