रोज पंधरा मिनिटं पुरतात का?

इअरफोन लावून चालताय? उत्तम. पडून ऐकताय? तरी चालेल, आजचा भाग तुमच्यासाठीच आहे. प्रश्न साधा आहे: फायदा दिसायला कमीत कमी किती व्यायाम लागतो?

आपण ऐकलेलं असतं, आठवड्याला किमान 150 मिनिटं. ते जमत नाही, मग आपण काहीच करत नाही. म्हणून मला तैवानचा एक अभ्यास फार कामाचा वाटतो. 1996 ते 2008 या काळात तिथे आरोग्य तपासणीला आलेल्या 4 लाख 16 हजार लोकांना विचारलं गेलं, फावल्या वेळात किती व्यायाम करता? पुढे सरासरी आठ वर्षं त्यांची माहिती ठेवली. निकाल 2011 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. अजिबात व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत रोज साधारण 15 मिनिटं करणाऱ्यांचा मृत्यूचा धोका 14 टक्के कमी होता. त्यापुढच्या दर 15 मिनिटांमागे आणखी 4 टक्के. म्हणजे बघा, सगळ्यात मोठी उडी शून्यावरून पंधरावर जाण्यातच आहे!

आता हे 14 टक्के म्हणजे काय? समजा, व्यायाम न करणाऱ्यांच्या एका गटात काही वर्षांत 100 जण दगावले, तर थोडा व्यायाम करणाऱ्या तेवढ्याच गटात 86. खात्री कुणालाच नाही, पण फरक मोठा आहे.

मग घरकामाचं काय? शांघायमधल्या 67 हजार बायकांचा अभ्यास 2007 मध्ये आला. त्यात वेगळा व्यायाम न करणाऱ्या, पण घरकाम, पायी चालणं, सायकल यांत दिवसभर हलत्या राहणाऱ्या बायकांमध्येही मृत्यूचा धोका कमी दिसला.

एक शंका रास्त आहे. आजारी माणूस मुळात व्यायाम करतच नाही, मग श्रेय व्यायामाचं की आधीच्या तब्येतीचं? संशोधक वय, धूम्रपान वगैरे हिशोबात धरतात, तरी अशा अभ्यासातून संबंध दिसतो, शंभर टक्के कारण सिद्ध होत नाही. पण पंधरा मिनिटं भरभर चालण्यात आपलं जातंय काय?

तेव्हा पुढचा भाग चालता चालता ऐका. भेटूच!