चाकांवरचे घर आणि त्याची डागडुजी

अमेरिकेत ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ या नावाने जे वाहन विकले जाते, त्याला स्वतःचे इंजिन नसते. पिकअप किंवा दणकट मोटारीच्या मागे ते जोडायचे आणि ओढत न्यायचे. आत मात्र स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, झोपण्याची जागा, फ्रीज, वातानुकूलन, पाण्याच्या टाक्या, गॅसची सिलिंडरे असा पूर्ण संसार मांडलेला असतो. शिकागोच्या उपनगरात राहणाऱ्या आमच्या मुलीने व जावयांनी गेल्या वर्षी मे महिन्यात असा २५ फुटी नवा कोरा ट्रेलर घेतला. त्या सुमारास मी व माझी पत्नी तेथेच होतो आणि ऑक्टोबर अखेरपर्यंत राहिलो. त्यामुळे ताबा घेण्यापासून हिवाळ्याच्या बंदोबस्तापर्यंतचा सारा व्यवहार जवळून पाहता आला. आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले त्या देशात स्थिरावली आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या मनात अशी खरेदी असेल, तर पुढील तपशील उपयोगी पडावा.

या वाहनांची पंढरी म्हणजे इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हे गाव. अमेरिकेतील बहुसंख्य ट्रेलर या गावात व त्याच्या आसपास तयार होतात. शिकागोहून मोटारीने दोन-अडीच तासांचा रस्ता. तेथे या धंद्याचे एक संग्रहालयही आहे. त्यात १९१३ सालचा एक ट्रेलर जुन्या फोर्ड मोटारीला जोडून ठेवलेला आहे. शंभर वर्षांपूर्वीची ती सुतारकी पाहून मी बराच वेळ तेथे रेंगाळलो. परिसरात आमिश पंथाच्या लोकांची मोठी वस्ती आहे. घरी घोडागाडी वापरणारी ही माणसे कारखान्यात चाकांवरची घरे बांधतात, ही गंमत तेथे गेल्यावर कळते. त्यांच्या हाताला कसब आहे, याबद्दल शंका नको. पण अनेक कारखान्यांत मजुरी नगावर ठरते. दिवसाचे ठरलेले नग बाहेर पडले की काम संपले. करोनाच्या काळात लोकांना हॉटेल व विमान नकोसे झाले आणि मागणी एकदम उसळली. २०२१ या एका वर्षात या प्रकारची सुमारे ६ लाख वाहने कारखान्यांतून बाहेर पडली. अशा घाईत एखादा नट हातानेच आवळलेला राहतो, एखाद्या फटीत सीलंट भरायचे राहून जाते. त्यात हे घर रस्त्यावर ताशी ६० मैल वेगाने हादरत जाणार. आपल्या पक्क्या घराला रोज भूकंपाचे धक्के बसले, तर त्याच्याही बिजागऱ्या किती दिवस टिकतील?

परिणाम असा की या व्यवहारात मालाची शेवटची तपासणी बहुधा गिऱ्हाईकाच्याच वाट्याला येते. व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला हे नवीन नाही. ट्रकमधून पेट्या उतरल्या की मोजल्याशिवाय, एखादी फोडून पाहिल्याशिवाय पोचपावतीवर सही होत नाही. बँकेत असताना कॅश क्रेडिटच्या खात्यांसाठी मी गोदामे तपासत असे. पुढच्या रांगेतील पोती भरलेली आहेत म्हणून मागच्या रांगेतही माल असेलच, असे गृहीत धरणारा अधिकारी फार काळ सुखात राहत नाही. मुलीने हा गुण उचलला असावा. विक्रेत्याच्या माणसाने तासाभरात ट्रेलर दाखवून कागद पुढे सरकवले, तेव्हा तिने ते शांतपणे बाजूला ठेवले आणि म्हणाली, “आधी टाकीत पाणी भरा, सगळे नळ उघडा, मग सहीचे पाहू.”

त्या तपासणीला चार तास लागले. गरम पाणी येते का, फ्रीज विजेवर व गॅसवर दोन्हीकडे थंड होतो का, प्रत्येक खिडकी मिटते का, भिंतीचा सरकता भाग बाहेर जाऊन सरळ परत येतो का, हे सर्व एकेक करून पाहिले. नळाला धार बारीक येत होती. पंपाची जाळी उघडली, तर तिच्यात प्लॅस्टिकचा कीस अडकलेला. टाकीला भोके पाडताना पडलेला कीस तसाच आत राहिला होता. एक खिडकी मिटत नव्हती, एका कपाटाचे दार दुसऱ्याला घासत होते, छतावरील एका झडपेभोवती सीलंटमध्ये नखभर फट होती. एकूण अकरा दोष निघाले. सहा त्याच दिवशी दुरुस्त झाले. उरलेले पाच विक्रेत्याने लेखी स्वरूपात ‘देणे’ म्हणून मान्य केले, आणि मगच सही झाली.

त्याच संध्याकाळी जावयांनी एक वही केली. तारीख, दोष, कोणी दुरुस्त करायचा, काय खर्च आला, असे रकाने. मला ती किर्द फार आवडली.

पहिली फेरी जवळचीच, मिशिगन सरोवराकाठच्या इंडियाना ड्यून्स राष्ट्रीय उद्यानाशेजारी एका खासगी तळावर. निघाल्यावर ५० मैलांच्या आत थांबून चाकांचे नट ठरलेल्या जोराने पुन्हा आवळावे लागतात. नव्या चाकांचे नट पहिल्या धावेत सैल होतात. ते दुर्लक्षिले तर चाक निखळण्यापर्यंत पाळी येते. टायरमधील हवा सकाळी, टायर थंड असताना मोजायची. हे दोन नियम लहान दोषांच्या यादीत मोडत नाहीत, जिवाशी निगडित आहेत. वजनाचेही तसेच. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार जोडाच्या टोकावर यावा लागतो. मागचा भाग जड झाला, तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डुलू लागतो आणि पुढची मोटारही ओढून नेतो. टाकीतील ४० गॅलन पाणी म्हणजेच सुमारे १५० किलो. त्याखेरीज तांदूळ, डाळी, पिठे, भांडी. महामार्गावरील ट्रकतळांवर वजनकाटे असतात. तेथे मोटार व ट्रेलर उभे केले की प्रत्येक आसावरील भार छापून मिळतो. मुलीने धान्याचे डबे मागच्या कपाटातून आसाच्या वरच्या बाजूला हलवले आणि काट्याचा आकडा जागेवर आला.

तळावर पोहोचून दार उघडले, तो ड्रॉवर जमिनीवर आणि चमचे चहूकडे. ड्रॉवरच्या पट्टीचे स्क्रू पातळ प्लायवूडमध्ये बसवलेले होते. हादऱ्याने त्यांची पकड सुटली होती. तोच स्क्रू पुन्हा पिळून उपयोग नसतो, तो फिरतच राहतो. येथे माझ्या पत्नीचे माहेरच्या दुकानातील शिक्षण कामी आले. भोकात काडीपेटीच्या काड्या लाकडाच्या गोंदात बुडवून ठोकायच्या, गोंद सुकू द्यायचा, वरचा भाग कापायचा आणि मग स्क्रू बसवायचा. दुकानाच्या फळ्या तिचे वडील असेच पक्के करीत. त्या उन्हाळ्यात घरातील जवळजवळ चाळीस स्क्रू या उपायाने जागेवर आले. वहीच्या ‘खर्च’ रकान्यात त्यापुढे शून्य आहे.

विजेचा हिशेबही घरच्यासारखा नाही. तळावरील ३० अँपिअरच्या जोडणीवर, अमेरिकेच्या १२० व्होल्टच्या हिशेबाने, जेमतेम ३,६०० वॉट मिळतात. वातानुकूलन, मायक्रोवेव्ह आणि विजेची किटली एकदम चालू केली की वीज गेलीच. हा दोष नव्हे, मर्यादा आहे. नवख्या माणसाला मात्र यंत्रच बिघडले असे वाटते. फोडणीचेही असेच. पहिल्या दिवशी मोहरी तडतडली मात्र, धुराची घंटा किंचाळू लागली आणि शेजारचे गृहस्थ विचारपूस करायला आले. तेव्हापासून फोडणी बाहेर, छोट्या शेगडीवर. जूनमध्ये त्या भागात सूर्य रात्री साडेआठच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सायंकाळचे जेवण उजेडी उरकण्यास घाई करावी लागली नाही.

खरी कसोटी लागली ती दुसऱ्या फेरीत, विस्कॉन्सिनमधील डेव्हिल्स लेक येथे. तेथे ट्रेलरला थेट नळजोड नव्हता. पाणी स्वतःच्या टाकीतून, पंपाने घ्यायचे. हा पंप नळ उघडला की चालतो आणि नळ बंद केला की थांबतो. मध्यरात्री सगळे झोपेत असताना तो दोन-तीन सेकंद गुरगुरला आणि थांबला. वीस मिनिटांनी पुन्हा तसेच. कोणी नळ उघडलेला नसताना पंप चालतो, याचा अर्थ नळीतील दाब कोठेतरी कमी होतो आहे. म्हणजे पाणी बाहेर जात आहे. ड्यून्सच्या तळावर पाणी बाहेरच्या नळाच्या दाबाने येत होते, पंप बंद होता, म्हणून हा इशारा तेथे मिळालाच नव्हता. जावई विजेरी घेऊन उठले. शौचकूपाच्या मागे हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली आणि खालची जमीन किंचित दबली.

ट्रेलरचा खरा शत्रू पाणी. भिंतीत पातळ लाकडी चौकटी, जमिनीला प्लायवूड किंवा तत्सम फळ्या. ओल एकदा आत शिरली की वरून काही दिसत नाही. दिसू लागते तेव्हा आतले लाकूड कुजलेले असते. त्याची दुरुस्ती हजारो डॉलरची आणि सततच्या झिरपणीचे नुकसान विमा कंपन्या बहुधा मान्य करीत नाहीत.

सकाळी चहाच्या वेळी जावई म्हणाले, “पप्पा, विकून टाकावा असं वाटतंय.” मी त्यांना कर्जखात्याचा उतारा काढायला सांगितला. अशा वाहनांवर तेथे दहा-पंधरा वर्षांचे कर्ज सहज मिळते. मुदत लांब, त्यामुळे हप्ता हलका आणि सुरुवातीच्या हप्त्यांत मुद्दल जेमतेम फिटते. उलट वस्तूची किंमत विक्रेत्याच्या फाटकाबाहेर पडताच घसरते. म्हणजे पहिली काही वर्षे तारणाची किंमत कर्जापेक्षा कमी. विकायचे, तर खिशातून भर घालून विकावे लागणार, आणि गळती सांगून विकायचे तर आणखी कमी दरात. न सांगता विकण्याचा प्रश्न आमच्या घरात उद्भवतच नव्हता. मोठ्या मुदतीच्या मोहापायी अशी खरेदी करू नये, निम्म्याहून अधिक रक्कम हाताशी असेल तेव्हाच करावी, हे माझे मत मी तेव्हाही सांगितले. ते कोणाला फारसे रुचले नाही.

विक्रेत्याला दूरध्वनी केला. ऐन हंगाम, त्याने तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली आणि ट्रेलर तोवर तेथेच ठेवा म्हणाला. तीन आठवडे ओल तशीच ठेवायची? मुलीने नळीचे छायाचित्र काढले, दबलेल्या जमिनीचे काढले, दोन्ही विक्रेत्याला ईमेलने पाठवून नोंद करवून घेतली आणि मग दुरुस्तीला हात घातला. जोडाचा प्लॅस्टिकचा नट सोडवला. आतला वायसर तिरका बसला होता. तो सरळ केला, नट हाताने आवळला, वर पान्याने पाव फेरा. अधिक जोर लावला तर प्लॅस्टिकला तडा जातो. दुरुस्ती दहा मिनिटांची. त्यानंतर दोन दिवस पंखा लावून जमीन सुकवली. त्या रात्री कोणी धड झोपले नाही. सगळ्यांचे कान पंपाकडे. तो सकाळपर्यंत गप्प होता.

या प्रसंगाने एक विभागणी ठरून गेली. स्क्रू, बिजागऱ्या, वायसर, छतावरचे सीलंट ही कामे घरी. गॅसची नळी, ब्रेक, आस आणि भिंतीची चौकट ही विक्रेत्याकडे, मग कितीही दिवस लागोत. गॅसच्या जोडांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे, पण आले तर टाकीची तोटी बंद करून जाणकाराला बोलवावे. छताची पाहणी दर तीन महिन्यांनी. आडव्या भागावर आपोआप पसरणारे सीलंट वापरतात, उभ्या कडांवर न ओघळणारे. सिलिकॉन मात्र टाळावे. ते एकदा लावले की त्यावर पुढे दुसरे काही नीट चिकटत नाही. बाहेरचा नळ जोडताना दाब कमी करणारी पितळी तोटी मध्ये बसवावी. काही तळांवर दाब इतका असतो की आतले नाजूक जोड सुटतात.

ऑक्टोबरात पहिला गारठा पडण्यापूर्वी नळ्यांतील पाणी काढून टाकले. तसे न केल्यास ते गोठते, फुगते आणि नळ्या फोडते. रिकाम्या नळ्यांत गुलाबी रंगाचे न गोठणारे द्रावण पंपाने फिरवायचे आणि प्रत्येक नळातून गुलाबी धार येईपर्यंत थांबायचे. हे द्रावण पिण्याच्या नळ्यांसाठीच बनवलेले असते. मोटारीच्या रेडिएटरमधील विषारी द्रावण तेथे कदापि घालू नये.

आम्ही परत निघालो तेव्हा वहीत चौतीस नोंदी होत्या आणि त्यांपैकी एकोणतीस खोडलेल्या. शौचकूपामागची जमीन टणक आहे, पण ती नोंद मुलीने मुद्दाम खोडलेली नाही. हमीची मुदत मे महिन्यात संपते. एप्रिलमध्ये उरलेल्या पाच नोंदी घेऊन ट्रेलर विक्रेत्याकडे न्यायचा आणि ती फळी उघडून पाहायला लावायची, असे ठरले आहे. पाचवी नोंद मैलापाण्याच्या टाकीच्या काट्याची आहे. टाकी धुऊन रिकामी केली तरी तो दोन तृतीयांश भरल्याचे दाखवतो. तळावर भेटलेल्या जुन्या जाणत्यांनी सांगितले की हा काटा बहुतेकांचा असाच असतो.