ॲप बनवणं सोपं आहे, पण त्यात रोज माहिती कोण भरणार?



चॅनेलवर सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा आहे: "सर, माझ्याकडे ॲपची एक भारी आयडिया आहे, बनवायला किती खर्च येईल?" खर्चाकडे आपण नंतर वळू. त्याआधी मी उलटा प्रश्न विचारतो. त्या ॲपमध्ये रोज माहिती कोण भरणार? आणि त्याने ती का भरावी?

बरेच जण साठवलेले पैसे डेव्हलपरच्या हातात ठेवतात, ॲप तयार होतं, आणि हा प्रश्न त्यानंतर समोर उभा राहतो. तोवर पैसे गेलेले असतात. म्हणून आज आपण तीन खरी उदाहरणं बघणार आहोत. पहिली दोन आहेत स्वयंसेवकांची, म्हणजे आपली नोकरी-शिक्षण सांभाळून लोकांच्या गरजेसाठी फुकट सॉफ्टवेअर बनवणाऱ्या नागरिकांची. तिसरं आहे अशीच गरज धरून उभ्या राहिलेल्या एका कंपनीचं. स्वयंसेवकांकडे जाहिरातीला पैसा नसतो, पगार द्यायलाही नसतो. त्यामुळे काम कुठे चालतं आणि कुठे अडतं, हे तिथे लगेच दिसतं.

उदाहरण १: तैवानचा मास्कचा नकाशा

तैवानमध्ये २०१२ पासून 'गव्ह झीरो' नावाचा स्वयंसेवकांचा गट आहे. सरकारी वेबसाइटच्या पत्त्यात 'गव्ह' येतं, त्यातल्या 'ओ' अक्षराच्या जागी शून्य टाकलं की त्याच विषयाची, लोकांना समजेल अशी वेबसाइट उघडावी, ही त्यांची मूळ कल्पना. प्रोग्रामर, डिझायनर, विद्यार्थी, कोणीही यात येऊ शकतं. बनवलेलं सगळं खुलं ठेवायचं, म्हणजे दुसरा कोणी ते उचलून पुढे नेऊ शकतो.

२०२० च्या सुरुवातीला कोरोना आला आणि तिथे मास्कसाठी रांगा लागल्या. तैनान शहरातल्या एका डेव्हलपरने नकाशा बनवला. कोणत्या दुकानात मास्क आहेत ते लोकांनीच नोंदवायचं आणि बाकीच्यांनी बघायचं. नकाशा इतका चालला की गूगल मॅप्स वापरण्याचं बिल थोड्याच वेळात त्याच्या आवाक्याबाहेर गेलं आणि त्याला तो थांबवावा लागला. इथे एक गोष्ट लिहून ठेवा. फुकट सेवा जितकी चालते, तितका बनवणाऱ्याचा खर्च वाढू शकतो.

६ फेब्रुवारी २०२० पासून सरकारने मास्कचं रेशनिंग सुरू केलं. औषधाच्या दुकानात आरोग्य विम्याचं कार्ड दाखवायचं आणि आठवड्याला दोन मास्क घ्यायचे. त्या वेळच्या डिजिटल मंत्री ऑड्री तांग यांनी पुढाकार घेतला आणि सहा हजारांहून जास्त दुकानांतल्या साठ्याची आकडेवारी सरकारने सगळ्यांसाठी खुली केली. मग स्वयंसेवकांनी त्यावर शंभराहून जास्त नकाशे, चॅटबॉट आणि ॲप्स बनवली. दृष्टिहीनांसाठी आवाजावर चालणारी सोयसुद्धा झाली.

आता मुद्दा बघा. पहिल्या नकाशात लोकांना मुद्दाम माहिती भरावी लागत होती. दुसऱ्या वेळी कोणालाच वेगळं काही भरावं लागलं नाही. दुकानदाराला विक्रीसाठी कार्ड मशीनमध्ये घालावंच लागत होतं. त्याच कामातून साठ्याचा आकडा आपोआप तयार होत होता.

तरीही एक गोची झालीच. गर्दी टाळायला काही दुकानदार सकाळीच टोकन वाटून टाकायचे आणि कार्डांची नोंद नंतर करायचे. टोकन संपलेले, पण नकाशावर साठा भरलेला! लोक नकाशा बघून यायचे आणि काउंटरवर भांडायचे. काही दुकानांनी तर 'ॲपवर विश्वास ठेवू नका' अशी पाटीच लावली. मग दुकानदारांचं ऐकून सुधारणा झाली. टोकन संपले की स्वतःचं दुकान नकाशावरून काढता येईल, अशी सोय त्यांना मिळाली. ॲप बनवणारा घरी बसलेला असतो, शिव्या काउंटरवरचा माणूस खातो. त्याचं ऐकलं नाही तर तोच तुमच्या ॲपविरुद्ध पाटी लावतो.

उदाहरण २: कोविड१९इंडिया

मार्च २०२० मध्ये आपल्याकडे काही तरुण स्वयंसेवकांनी कोविड१९इंडिया डॉट ऑर्ग ही वेबसाइट सुरू केली. देशभरातले रुग्णांचे आकडे एका जागी दाखवायचे, एवढंच काम. पण प्रत्येक राज्य आपली माहिती वेगळ्या पद्धतीने द्यायचं. कोणाचं पीडीएफ, कोणाचा फोटो, कोणाचं ट्वीट. ते वाचून, ताडून, आकडे भरायचं काम हे स्वयंसेवक रोज करत होते. सुरुवातीला त्यामागे चक्क गूगल शीट होतं. वर्तमानपत्रं, संशोधक, सामान्य लोक, सगळे तेच आकडे बघायचे.

पण हा रोजचा भार होता आणि भरणारी माणसं पगारी नव्हती. त्यांनी आधी जाहीर करून, लोकांना वेळ देऊन, ३१ ऑक्टोबर २०२१ ला काम थांबवलं. माहिती आणि कोड खुला होता, त्यामुळे केलेलं काम वाया गेलं नाही. सेवाभाव कामाला सुरुवात करून देतो. वर्षानुवर्षं रोजची नोंद चालू ठेवायची असेल, तर कोणाला तरी त्याचा मोबदला मिळावा लागतो.

उदाहरण ३: नळाला पाणी कधी येणार?

ही गरज तुम्हाला समजावून सांगायला नको. हुबळी-धारवाडमध्ये २०११ च्या सुमारास नेक्स्टड्रॉप नावाच्या कंपनीने यावर काम सुरू केलं. नळाला पाणी सोडणारा व्हॉल्व्हमन फोन करून कळवणार, आणि त्या भागातल्या घरांना एसएमएस जाणार. साधा फोन, साधा मेसेज. कल्पना सुंदर होती.

पुढे ही सेवा बंगळुरूमध्ये गेली. तिथे संशोधकांनी अभ्यास केला, तेव्हा गाडी व्हॉल्व्हमनपाशीच अडत असल्याचं दिसलं. निरोप नेहमी वेळेवर येत नव्हते, त्यामुळे घरांना अपेक्षेएवढा फायदा होत नव्हता. विचार करा, त्याच्या बाजूने बघितलं तर हे आणखी एक काम होतं, आणि त्यातून त्याच्या पदरात फारसं काही पडत नव्हतं.

मग आपण काय करायचं?

समजा तुम्हाला तुमच्या शहरातल्या अभ्यासिकांचं ॲप काढायचं आहे. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना कुठे जागा रिकामी आहे ते घरबसल्या कळेल. गरज खरी आहे. आता माहिती भरणारा शोधा. तो म्हणजे अभ्यासिकेच्या टेबलावर बसणारा माणूस. त्याची अभ्यासिका भरलेली असेल, तर तो तुम्हाला कळवायला कशाला बसेल? आणि रिकामी असेल, तर 'आहे जागा, पाठवा' असंच रोज सांगेल, कमी असो वा जास्त. दोन मुलं हेलपाटा मारून परत आली की तुमच्या ॲपचं नाव खराब.

आता त्याची डोकेदुखी बघा. कोणाची फी थकली, कोणाचा महिना उद्या संपतोय, कोण न सांगता सोडून गेला, हे सगळं वहीत, आणि वही सापडत नाही! तुम्ही त्याला फीची सोपी नोंदवही मोबाईलवर दिलीत, फी संपायच्या आधी मुलाला व्हॉट्सॲपवर आठवण जाईल अशी सोय केलीत, तर तो ती स्वतःच्या फायद्यासाठी रोज भरेल. त्यातून रिकाम्या जागांचा आकडा आपोआप निघेल, तैवानच्या कार्डासारखा. आणि नोंदवहीसाठी तो महिन्याला पैसेही देईल. मुलांसाठी जागांची माहिती फुकट ठेवा. तुमचा धंदा नोंदवहीत आहे.

कोणतीही आयडिया असो, टँकर, ॲम्ब्युलन्स किंवा भाजीचे भाव, पैसे खर्च करण्याआधी हे चार प्रश्न वहीत लिहा:

१. माहिती नेमकी कोणाच्या हातात आहे? पदाचं नाव नको, रोज ते काम करणारा माणूस लिहा.

२. त्याच्या चालू कामातूनच ती मिळू शकते का, की त्याला जादा काम पडतं?

३. माहिती चुकली तर तोंड कोणाला द्यावं लागतं? त्याला ती लगेच दुरुस्त करता येते का?

४. वापरणारे दहापट झाले तर बिल किती येईल आणि ते कोण भरेल?

या आठवड्याचा गृहपाठ

ॲप बनवू नका. एक गूगल शीट आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप घ्या. माहिती देणारी पाच माणसं गाठा, त्यांच्या शेजारी प्रत्येकी एक तास बसा आणि त्यांचं काम नुसतं बघा. मग पंधरा दिवस हाताने चालवून बघा. रोज सकाळी तुम्ही फोन न करता किती जणांनी माहिती पाठवली, ते मोजा. पंधराव्या दिवशी पाचातले चार जण स्वतःहून पाठवत असतील, तर डेव्हलपरकडे जायला हरकत नाही. एकच पाठवत असेल, तर बाकीच्या चौघांना जाऊन विचारा, "तुमचं कोणतं काम हलकं करून देऊ?" त्यांचं उत्तर आलं की आयडिया पुन्हा नव्याने लिहा, आणि मग खर्चाचं बोलू.