रिपोर्ट येईपर्यंत

गाठ हाताला लागली ती आंघोळीच्या वेळी. बोराएवढी, दाबली की बोटाखालून निसटणारी. दोन दिवस मी कुणाला काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तव्यावरची भाकरी करपून काळी झाली, तेव्हा आत्यांनी (आम्ही सासूबाईंना आत्याच म्हणतो) विचारलं, "काय झालंय गं? लक्ष कुठं हाय तुझं?" मग सांगावंच लागलं.

पुढचं सगळं भराभर झालं. डॉक्टर, सोनोग्राफी, आणि सोमवारी सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणीला. यालाच बायॉप्सी म्हणतात. "आठवडाभर लागेल," काउंटरवरची मुलगी म्हणाली आणि तिने फॉर्मवर मोबाइल नंबर विचारला. ह्यांनी सवयीने स्वतःचा सांगितला. गॅसच्या पुस्तकापासून मुलांच्या शाळेपर्यंत सगळीकडे ह्यांचाच नंबर आहे, त्यात वेगळं काही वाटलं नाही.

आणि मग तो आठवडा सुरू झाला. ज्या बाईने असा एखादा आठवडा काढला आहे तिला मी काय सांगू? सुई टोचली ते दुखणं काहीच नव्हतं. निवृत्ती चौकातून भाजी घेऊन येताना अर्ध्या शिवाजी पुतळ्यापाशी थांबले, तर पिशवीत काय घेतलं तेच आठवेना. रात्री सगळे झोपले की छातीत धडधड. बारावीतल्या लेकीचं पुढं काय, इथपासून माझ्या पाटल्या कुणाला द्यायच्या, इथपर्यंत मन जाऊन येई. हसू नका, तुमचंही गेलं असेल.

मन हळवं म्हणून असं होतं, असं मला वाटायचं. नंतर कळलं की ते शरीरातच घडत असतं. अमेरिकेत डॉ. एल्विरा लँग यांनी स्तनाची बायॉप्सी झालेल्या १२६ बायकांची लाळ तपासली आणि तिच्यातल्या कॉर्टिसॉल या ताणाच्या द्रव्याचं प्रमाण पाहिलं. २००९ साली तो अभ्यास छापून आला. तपासणीनंतर पाचव्या दिवशी ज्यांना कॅन्सर असल्याचं कळलं होतं त्यांचं प्रमाण बिघडलेलं होतं, यात नवल नाही. पण ज्यांना अजून काहीच कळलेलं नव्हतं, त्यांचंही जवळजवळ तसंच होतं! म्हणजे "काही कळलं नाही" हे शरीराला वाईट बातमीइतकंच जड जातं. "एवढं काय मनाला लावून घेतेस, रिपोर्ट येऊ दे की," असं म्हणणाऱ्या नणंदा-जावांना हे जरूर सांगा.

मला पहिला धीर आला तो एका अगदी साध्या गोष्टीने. तुकडा तपासायला इतके दिवस का लागतात, हे मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. तो तुकडा आधी फॉर्मेलिनच्या पाण्यात मुरवतात, त्यालाच बरेच तास जातात. मग त्यातलं पाणी स्पिरिटने काढून टाकायचं, मेण भरायचं, मेणाची वडी थंड करायची आणि यंत्रावर तिचे काप काढायचे, तेही एका मिलिमीटरच्या दोनशे-तीनशेव्या भागाएवढे पातळ. काप काचेवर घेऊन जांभळा आणि गुलाबी असे दोन रंग चढवायचे, तेव्हा कुठे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसतात. कधी आणखी वेगळे रंग लावून पाहावे लागतात, मध्ये रविवार येतो. आपण नाही का, बर्फी थापल्यावर ती बसल्याशिवाय वड्या पाडत? गरम असताना सुरी घातली की भुगा. तेव्हा रिपोर्टला उशीर झाला म्हणजे काहीतरी वाईटच निघालं, हा आपला हिशेब खरा नाही. मी मंगळवारपासून हाच हिशेब मांडत बसले होते.

तपासणीच्या दिवशीच दोन गोष्टी विचारून घ्या. रिपोर्ट साधारण कोणत्या वारी येईल, आणि तो समजावून कोण सांगणार. "आठवडाभर" या उत्तराने समाधान मानू नका. वार कळला की मन निदान त्या वाराच्या अलीकडे जरा बसतं.

राहता राहिलं ते मधले दिवस काढणं. "विचार करू नकोस" हा सल्ला मला सगळ्यांनी दिला आणि तो साफ निरुपयोगी ठरला. कॅलिफोर्नियातल्या केट स्वीनी या मानसशास्त्राच्या बाई वाट पाहण्याचाच अभ्यास करतात. वकिलीच्या परीक्षेच्या निकालासाठी चार महिने ताटकळणाऱ्या २३० जणांवरचा त्यांचा अभ्यास २०१६ साली आला. मनातून विचार हाकलणं, चांगलंच होणार असं स्वतःला बजावणं, यांनी त्या लोकांची काळजी काही हटली नाही. त्यांच्या पुढच्या अभ्यासात मात्र एक आढळलं : ज्या कामात माणूस पुरता बुडून जातो, वेळेचं भान राहत नाही, अशा कामाने हे दिवस सुसह्य होतात.

हे मी वाचलं ते नंतर. आत्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे! बुधवारी सकाळी त्यांनी मिरच्यांचं पोतं माझ्यापुढे ओतलं. "चटणी करायची हाय. बस देठं काढायला." एप्रिल चालू होता, वर्षाची चटणी व्हायचीच होती. पण देठं काढताना हात चालतात आणि डोकं मोकळं राहतं, तिथे काही जमलं नाही, उलट जास्तच रडू आलं. मिरचीचं निमित्त होतं म्हणून बरं. खरी जादू झाली ती भाजणीला. धणे, तीळ, खसखस, सुकं खोबरं, दालचिनी, लवंग, प्रत्येकाची आच वेगळी. खसखस एक क्षण जास्त राहिली की गेली. खोबरं तांबूस व्हायला हवं, काळं नको. गुरुवारी दुपारी चार तास मी शेगडीपुढे होते आणि त्या चार तासांत मला गाठ आठवली नाही. टीव्हीपुढे बसून जे साधलं नव्हतं ते इथे साधलं. तुमचं काम वेगळं असेल, विणकामाची अवघड वीण, ब्लाउजचं कटिंग, मुलाचं गणित. लक्ष हटलं की बिघडेल असं काहीतरी हवं.

संध्याकाळी रंकाळ्यावर आत्यांबरोबर फिरायला जायचं. त्या फारसं बोलत नसत. फक्त एकदा म्हणाल्या, "रिपोर्टाला मी येतो तुझ्यासंगं." आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःला अशाच 'येतो-जातो' म्हणतात. एवढ्या एका वाक्याचा मला केवढा आधार झाला! सगळ्या गल्लीला सांगू नका, पण एका माणसाला पुरतं सांगा.

शनिवारी मी मिरची कांडून आणायला गेले आणि हे शाहू स्टेडियमवर मॅचला. परत आले ते गप्पच. जेवण अर्धं टाकलं. संघ हरला की दोन-दोन दिवस न बोलणारे शिवाजी पेठेत घरटी एक सापडतील, मला वाटलं तसंच काही असेल. रविवारही तसाच गेला. सोमवारी सकाळी ह्यांनी फोन माझ्यापुढे धरला. हात थरथरत होता. रिपोर्ट शनिवारी संध्याकाळीच आला होता.

"फायब्रोअ‍ॅडेनोमा" एवढाच एक शब्द ह्यांना कळला होता, म्हणजे कळला नव्हता. शेवटचं 'ओमा' वाचून माणूस हबकला. दोन रात्री मनात ठेवून एकटाच जळत राहिला, मला कसं सांगू म्हणून. आणि पलीकडच्या उशीवर मी, तशीच जागी!

फायब्रोअ‍ॅडेनोमा ही साधी गाठ, कॅन्सर नव्हे. तरुण बायकांत ती पुष्कळदा आढळते. 'ओमा' म्हणजे बहुधा नुसती गाठ : लायपोमा म्हणजे चरबीची गाठ, तीही साधीच. कार्सिनोमा, लिम्फोमा हे शब्द मात्र गंभीर. म्हणून शब्दाच्या शेपटावरून काही ठरवायचं नाही आणि फोनवर शोधत तर मुळीच बसायचं नाही. रिपोर्ट डॉक्टरांकडूनच वाचून घ्यायचा.

मला ह्यांचा राग आला आणि दयाही. पण प्रश्न राहतोच. शरीर माझं, तुकडा माझा, मग बातमी दुसऱ्याच्या खिशात का? बाईचा रिपोर्ट नवऱ्याला, मुलाला, दिरांना आधी कळतो, आणि तिला काय नि किती सांगायचं ते मग घरातले पुरुष ठरवतात. डॉक्टरांकडे जाताना आम्ही सीपीआरवरून गेलो. हे पूर्वीचं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. तिथल्या बायकांच्या विभागासाठी कोल्हापूर दरबाराने १८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक केली होती. त्या रुजू होऊ शकल्या नाहीत, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या. बायकांना आपलं दुखणं बाई डॉक्टरला सांगता यावं, यासाठी ती पोर सातासमुद्रापार गेली होती. आणि आम्ही एवढ्या वर्षांनी फॉर्मवर आपला नंबरसुद्धा लिहीत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका. मी दोन दिवस लपवली तेही चुकलंच. आणि वाट पाहताना झोप अजिबात लागत नसेल, अन्न जात नसेल, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर आहे, तिथे केव्हाही फोन करून बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

माझी पुढची सोनोग्राफी ऑक्टोबरात आहे. फॉर्म मीच भरणार. ह्यांनी आपण होऊन सांगितलंय, पहिला नंबर तुझा घाल, माझा खालच्या रकान्यात. चटणी यंदा जरा जास्त तिखट झाली आहे, पण करपलेली नाही.