एका प्रदेशाची समग्र ओळख

वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ह्यांनी ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर प्राणार्पण केले, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्यासमवेत हुतात्मा झालेल्या पंचवीस जणांत मेक्सिकोचे संत फेलिपे दे हेसूस हेही होते. दोघांनाही ८ जून १८६२ रोजी संतपद बहाल करण्यात आले. तथापि ह्या सोबत्याच्या मायभूमीविषयी, किंबहुना मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत पसरलेल्या लॅटिन अमेरिकेविषयी, आपण फारच थोडे जाणतो.

अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांत असा एखादा प्रदेश ‘मायनर’ म्हणजेच गौण विषय म्हणून अभ्यासता येतो. विद्यार्थ्याचा मुख्य विषय जीवशास्त्र असो वा वाणिज्य, त्याच्या जोडीला तो त्या प्रदेशावरील साधारणतः पाच-सहा अभ्यासक्रम पूर्ण करतो. हे अभ्यासक्रम इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, साहित्य, धर्म अशा निरनिराळ्या विभागांतून निवडलेले असतात. बहुतेक ठिकाणी तेथील भाषेचा अभ्यासही अपेक्षित असतो.

एवढ्या विषयांची सांगड कशासाठी? एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एल साल्वादोर ह्या चिमुकल्या देशाच्या राजधानीचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो ह्यांची २४ मार्च १९८० रोजी मिस्सा अर्पण करीत असताना गोळी झाडून हत्या करण्यात आली. ही हत्या का झाली? इतिहास सांगतो, की १९३२ साली तेथील शेतकऱ्यांचा उठाव चिरडताना हजारोंची कत्तल झाली होती. अर्थशास्त्र त्यामागील कारण दाखविते : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावांच्या सामाईक जमिनी गेल्या आणि कॉफीचे मळे मूठभर घराण्यांच्या हाती एकवटले. राज्यशास्त्रामुळे शीतयुद्धातील अमेरिकी लष्करी मदतीचा अर्थ उमगतो. ती देऊ नये, असे पत्र रोमेरो ह्यांनी फेब्रुवारी १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर ह्यांना लिहिले होते. ईशज्ञान आपणांस कोलंबियातील मेडेलिन येथे नेते. तेथे १९६८ साली लॅटिन अमेरिकेच्या बिशपांनी गरिबांच्या प्रश्नावर स्पष्ट भूमिका घेतली. आणि रेडिओवरून घरोघरी पोहोचणाऱ्या त्यांच्या प्रवचनांतील कळकळ जाणण्यासाठी स्पॅनिश भाषा हवी. ह्यांपैकी एकच धागा हाती धरला, तर सत्याचा एक तुकडाच गवसतो. २०१८ साली संतपदी विराजमान झालेले रोमेरो मग केवळ भिंतीवरील तसबीर होऊन राहतात.

ह्या अभ्यासाची दुसरी बाजूही सांगावयास हवी. १९५७ मध्ये रशियाने ‘स्पुटनिक’ अवकाशात सोडल्यानंतर अमेरिकेने १९५८ साली कायदा करून परकीय भाषा व प्रदेश ह्यांच्या अभ्यासाला सरकारी निधी दिला. त्यामागे राष्ट्रीय संरक्षणाचा हेतू होता. दुसऱ्यांचा देश आपल्या स्वार्थापुरता पाहण्याचा धोका तेव्हापासून ह्या विद्याशाखेला चिकटलेला आहे. म्हणूनच चांगला अभ्यासक्रम तेथील लेखक, इतिहासकार आणि सामान्य माणसे ह्यांचा आवाज प्रथम ऐकावयास शिकवितो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आपल्याकडेही मुख्य विषयासोबत गौण विषय घेण्याची वाट मोकळी केली आहे. प्रत्येक महाविद्यालयात प्रदेश-अभ्यासाची सोय असेलच असे नाही. परंतु इतिहास, अर्थशास्त्र वा परकीय भाषा ह्यांची जाणीवपूर्वक निवड करता येईल. गौण विषय म्हणजे गुणपत्रिकेवरील एक जादा ओझे, असे आमच्या पालकांनी व विद्यार्थ्यांनी समजू नये. पेरू देशात दीर्घकाळ मिशनकार्य केलेले पोप लिओ चौदावे मे २०२५ पासून वैश्विक ख्रिस्तसभेचे नेतृत्व करीत आहेत. त्यांना घडविणाऱ्या त्या भूमीची ओळख करून घेणे, हे आपल्या दूरच्या बंधुभगिनींना अधिक जवळून ओळखणेच नव्हे काय?