काळ्या पडद्याआडचा लिनक्स

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण एरवी धडधाकट असलेले लॅपटॉप घरोघरी अडगळीच्या वाटेला लागले. लिनक्समुळे त्यांतील अनेकांना दुसरे आयुष्य मिळू शकते. मात्र पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करावा, कंपनीचे बोधचिन्ह झळकावे, पर्यायांची यादी यावी आणि त्यानंतर पडदा काळाठिक्कर पडावा, असा अनुभव पुष्कळांना येतो. यंत्रच गेले असे समजून कोणी ते भंगारात काढतो. कोणी घाबरून पुनःपुन्हा इन्स्टॉलेशन करण्याच्या नादात हार्ड डिस्कवरील वर्षानुवर्षांची छायाचित्रे पुसून बसतो. वस्तुतः अशा वेळी बहुधा संगणक आत सुरू झालेला असतो. हरवलेले असते ते केवळ चित्र.

ते नेमके कोठे हरवते? बोधचिन्ह आणि ‘ग्रब’ची यादी बायॉसने पुरवलेल्या साध्या चित्रपद्धतीत उमटते. पुढे लिनक्सचे कर्नल ग्राफिक्स चिपचा ताबा घेते व पडद्याचे रिझोल्यूशन नव्याने ठरवते. पूर्वी हे काम एक्स सर्व्हरकडे होते. मार्च २००९ मधील २.६.२९ या आवृत्तीत, प्रथम इंटेलच्या चिपसाठी, ते कर्नलकडे आले. पडदा न लुकलुकता डेस्कटॉप दिसावा, हाही त्यामागील एक हेतू होता. जुन्या यंत्रांवर मात्र नेमक्या या हस्तांतरणातच ड्रायव्हर आणि चिप यांचे बिनसते.

यासाठी आधी निदान करावे. कॅप्स लॉकची कळ दाबल्यावर तिचा दिवा लागत-विझत असेल, तर कर्नल जिवंत आहे. मग खोलीत अंधार करून विजेरीचा झोत पडद्यावर तिरका टाकावा. अक्षरे अंधूक दिसली, तर चित्र शाबूत असून पडद्यामागचा प्रकाश तेवढा गेलेला आहे. त्यावर ब्राइटनेसची कळ दाबून पाहणे हा हसू येण्याइतका साधा उपाय, पण तो आधी करावा.

काहीच दिसत नसेल, तर उबुंटूच्या यादीतील ‘सेफ ग्राफिक्स’ किंवा मिंटमधील ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडावा. हे पर्याय नसल्यास ‘ग्रब’च्या यादीत इंग्रजी ‘ई’ ही कळ दाबावी. ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी बहुधा ‘क्वाएट स्प्लॅश’ असे लिहिलेले असते. ते खोडून तेथे ‘नोमोडसेट’ हा शब्द सलग, लहान इंग्रजी अक्षरांत लिहावा आणि एफ १० दाबावी. आता सजावटीच्या चित्राऐवजी संदेशांच्या ओळी सरकतील. गाडी अडलीच, तर कोठे अडली ते त्यांतून कळेल.

हा बदल फक्त त्या वेळेपुरता असतो. त्यामुळे इन्स्टॉलेशननंतर पहिल्यांदा लॅपटॉप सुरू करताना पडदा पुन्हा काळा होऊ शकतो आणि केलेले सारे काम वाया गेले, असे वाटते. तेव्हा घाबरून पुन्हा इन्स्टॉलेशन करू नये. बायॉसच्या यंत्रावर शिफ्ट, तर यूईएफआयच्या यंत्रावर एस्केप दाबून यादी आणावी व तोच शब्द पुन्हा लिहावा.

तरीही ‘नोमोडसेट’ ही कुबडीच आहे. तिच्यामुळे कर्नल चिपचा पूर्ण ताबा घेत नाही. रिझोल्यूशन कमी राहते, चलचित्रांचा भार प्रोसेसरवर पडतो. एकदा डेस्कटॉप दिसला की खरा उपाय शोधावा. रेडिऑन चिपला स्वतंत्र फर्मवेअर लागते. डेबियनने ते जून २०२३ मधील १२ व्या आवृत्तीपासून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच घेतले. एनव्हिडियाच्या चिपबाबत मुक्त ‘नूवो’ ड्रायव्हर अडला, तर कंपनीचा जुन्या चिपसाठीचा ड्रायव्हर पाहता येतो, मात्र नव्या कर्नलशी त्याचे जुळेलच असे नाही.

काही यंत्रांपुढे हे उपायही थिटे पडतात. २००८ च्या सुमाराच्या अनेक छोट्या नेटबुकांत इंटेलची जीएमए ५०० ही चिप होती. नाव इंटेलचे, पण गाभा पॉवरव्हीआरचा. तिच्यासाठी कर्नलमध्ये असलेला मुक्त ड्रायव्हर चित्र दाखवतो, त्रिमितीय प्रवेग देत नाही. शिवाय तिच्या जोडीचे अ‍ॅटम झेड ५०० मालिकेतील प्रोसेसर ३२ बिटचे आणि डेबियनने ऑगस्ट २०२५ मधील १३ व्या आवृत्तीत ३२ बिट संगणकांसाठीचा इन्स्टॉलर बंद केला. म्हणून पेन ड्राइव्ह तयार करण्यापूर्वी प्रोसेसर व ग्राफिक्स चिप यांची नावे टिपून घ्यावीत आणि पेन ड्राइव्हवरूनच ‘लाइव्ह’ लिनक्स तासभर चालवून पाहावे. तोपर्यंत हार्ड डिस्कवरील काहीही पुसले जात नाही.