प्रत्येक औषधाला दोन तारखा असतात
औषधांची भाषा : लेखांक ४

गेल्या आठवड्यात आपण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची लघुरूपे पाहिली. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा. एचएस म्हणजे झोपताना आणि एसओएस म्हणजे गरज पडली तरच. औषध केव्हा घ्यायचे हे या अक्षरांवरून कळते. उघडलेली बाटली किती दिवस चालते, हे मात्र चिठ्ठीवर क्वचितच असते. घरात लहान मूल, मधुमेही माणूस किंवा डोळ्याचे ऑपरेशन झालेले कुणी असेल, तर आजचा भाग जरूर वाचा.

खोक्यावर छापलेली एक्स्पायरी आपण सगळेच बघतो. ती बंद बाटलीची तारीख आहे. सील शाबूत असेल आणि बाटली सांगितलेल्या तापमानात ठेवली असेल, तोवरच कंपनीची ती हमी. सील तुटले की दुसरी तारीख लागू होते. फार्मसीत तिला ‘बियॉन्ड यूज डेट’ म्हणतात. आपण तिला वापरमुदत म्हणू. ती उघडणाऱ्याने स्वतः लिहायची असते. दोन्हींपैकी जी आधी येईल ती पाळायची.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते मुलांच्या ड्राय सिरपमध्ये. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडचे औषध बाटलीत पावडर म्हणून येते, कारण पाण्यात मिसळल्यावर ते, विशेषतः त्यातले क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड, लवकर निकामी होऊ लागते. कोरडे असताना ते महिनोन्‌महिने टिकते. पाणी घातल्यावर मात्र फ्रिजमध्ये साधारण सात दिवस. पावडरमध्ये पाणी मिसळून औषध तयार करण्याला ‘रिकन्स्टिट्यूशन’ म्हणतात, आणि हे काम आपल्याकडे बहुतेक वेळा स्वयंपाकघरातच होते. म्हणून ते नीट करावे. बाटली आधी आपटून पावडर मोकळी करा. उकळून गार केलेले पाणी खुणेच्या थोडे खालपर्यंत घाला, जोरात हलवा, फेस बसू द्या आणि मग खुणेपर्यंत भरा. लेबलवरचा ‘५ मिलिमध्ये अमुक मिलिग्रॅम’ हा हिशेब त्या रेषेवरच उभा आहे. पाणी रेषेच्या वर गेले तर मुलाला प्रत्येक चमच्यात औषध कमी मिळते. खाली राहिले तर जास्त. सगळ्याच सिरपना फ्रिज लागत नाही आणि सगळ्यांची मुदतही सारखी नसते, म्हणून लेबल वाचूनच ठेवा. दोन महिन्यांपूर्वीची उरलेली अर्धी बाटली पुन्हा वापरू नका, एक्स्पायरी पुढच्या वर्षाची असली तरी.

वापरमुदतीमागे दोन कारणे असतात. एक म्हणजे औषधाची ताकद घटणे, आणि दुसरे म्हणजे जंतूंचा शिरकाव. सिरपमध्ये पहिले मोठे, इंजेक्शन आणि डोळ्यांच्या थेंबांत दुसरे. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेल्यावर जे होते, तेच इथे होऊ शकते. फरक इतकाच की इथे बुरशी डोळ्यांना दिसेलच असे नाही. म्हणून डोळ्यांचे बहुतेक थेंब उघडल्यावर महिन्याभरात टाकून द्यायचे असतात, आणि इन्सुलिनच्या बहुतेक व्हायल २८ दिवसांनी. इन्सुलिनच्या व्हायलमध्ये पुन्हापुन्हा सुई जाणार असते, म्हणून तिच्यात जंतूंची वाढ रोखणारे प्रिझर्व्हेटिव्ह घातलेले असते. अशा व्हायलला ‘मल्टि-डोस’ म्हणतात. ‘सिंगल-डोस’ व्हायलमध्ये सहसा ते नसते. एका रुग्णाला, एकदाच. उरलेले फेकायचे, कितीही महाग असले तरी.

गिळलेले औषध जठरातले आम्ल आणि आतड्याचे अस्तर ओलांडून रक्तात जाते. शिरेतले इंजेक्शन यातले काहीच ओलांडत नाही, त्यात जंतू असतील तर तेही थेट रक्तात जातात. म्हणूनच मोठ्या रुग्णालयांत केमोथेरपीची औषधे किंवा शिरेतून देण्याचे पोषणद्रव वेगळ्या खोलीत तयार करतात. या कामाला ‘स्टराइल कंपाउंडिंग’, म्हणजे निर्जंतुक औषधमिश्रण, म्हणतात. तिथे हवा हेपा फिल्टरमधून येते, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण तो अडवतो. काम ‘हूड’मध्ये, म्हणजे ही गाळलेली हवा सोडणाऱ्या, समोरून उघड्या कपाटात चालते. ते कडेला करायचे नाही, हूडच्या किमान १५ सेंटिमीटर आत करायचे. व्हायलचे रबरी बूच ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्यायचे. सुई, बूच, अँप्यूलची मान या जागांना ‘क्रिटिकल साइट’ म्हणतात. फिल्टरमधून आलेली हवा थेट त्यांच्यावर पडली पाहिजे, मध्ये हातही येता कामा नये.

एवढी काळजी कशासाठी, याचे उत्तर मुंबईशी जोडलेल्या एका घटनेत आहे. परळच्या प्रयोगशाळेत वाल्देमार हाफकिन प्लेगची लस बनवत. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात पाच बाटल्यांतून १०७ जणांना ती टोचली गेली. त्यांतल्या ‘५३ एन’ या एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. बाकीच्यांना काही झाले नाही. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना निलंबित केले गेले. नंतर उजेडात आले, की मुलकोवालमध्येच बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच बाटली उघडली गेली होती. रोनाल्ड रॉस यांच्यासह नामवंत शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली आणि १९०७ मध्ये त्यांच्यावरचा कलंक पुसला गेला. १९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेला त्यांचेच नाव देण्यात आले. शंभराहून अधिक वर्षे झाली तरी धडा तोच आहे : कारखान्यातून शुद्ध निघालेले औषध उघडण्याच्या क्षणी बिघडू शकते, आणि त्या क्षणाची जबाबदारी उघडणाऱ्याची असते.

तेव्हा आजच घरातली उघडलेली औषधे बाहेर काढा. सिरप, थेंब, इन्सुलिन अशा प्रत्येक बाटलीवर बॉलपेनने उघडल्याची तारीख लिहा. ती आठवत नसेल तर बाटली ठेवू नका. नवीन औषध घेताना केमिस्टला दोनच प्रश्न विचारा : ‘उघडल्यावर किती दिवस चालेल? आणि कुठे ठेवू?’ हे सांगणे त्यांच्या कामाचाच भाग आहे. विचारायला संकोच नको. रुग्णालयात सलाइनमध्ये औषध मिसळले असेल, तर बाटलीवर औषधाचे नाव, मिसळल्याची वेळ आणि मुदत लिहिलेली आहे का, हे नातेवाइकांनी जरूर पाहावे, आणि नसेल तर सिस्टरना विचारावे.

पुढील आठवड्यात : इन्सुलिनची ४० आणि १०० युनिटची सिरिंज. लाल आणि नारिंगी टोपणातला फरक, आणि अदलाबदल झाली तर डोस अडीच पटींनी कसा चुकतो.